दूरस्थ ड्राइव्ह माउंट करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे संगणक बंद पडणे : निदान व उपाय

दूरच्या सर्व्हरवरचा किंवा क्लाउडमधला फाइलसाठा संगणकाच्या स्वतःच्या डिस्कसारखा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे संगणक गोठणे, अचानक रीस्टार्ट होणे किंवा निळा पडदा येऊन बंद पडणे. असा साठा विंडोजमध्ये ‘झेड’सारखे अक्षर घेऊन दिसतो, लिनक्स व मॅकओएसमध्ये एखाद्या फोल्डरच्या जागी दिसतो, तो जोडण्याच्या क्रियेला माउंट करणे म्हणतात. एसएसएचएफएस, आरक्लोन, डोकॅनी, विनएफएसपी, मॅकफ्यूज ही या वर्गातली परिचित नावे. विंडोजमधली ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ ही सोयही याच जातीची. ‘संगणक बंद पडला’ या एकाच तक्रारीखाली येथे दोन अगदी वेगळे बिघाड येतात : उत्तराची वाट पाहत संगणक अडकणे आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळणे. यांतले नेमके काय घडले हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता सुरू केलेले उपाय अंदाजाने होतात आणि त्या धांदलीत सेव्ह न झालेले काम हातचे जाते.

पार्श्वभूमी : सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत विकसित केली. आयबीएममध्ये त्याच दशकात एसएमबी ही पद्धत जन्मली आणि पुढे विंडोजमध्ये रुजली. या दोन्हींचा मुख्य भाग कर्नलमध्ये चालतो. त्यामुळे नवी फाइल सिस्टिम लिहायची तर कर्नलमध्ये चालणारा कोड लिहावा लागे. मिक्लोश सेरेडी यांच्या फ्यूज प्रकल्पाने ही अडचण सोपी केली. २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१४ आवृत्तीत तो समाविष्ट झाला. फ्यूजमध्ये कर्नलकडे एक छोटा भाग राहतो आणि खरे काम साध्या प्रोग्रॅमकडे जाते. एसएसएचएफएस याच पायावर उभे आहे. गूगलमध्ये असताना अमित सिंग यांनी २००७ मध्ये हीच कल्पना मॅकफ्यूजच्या रूपाने मॅकवर आणली. विंडोजसाठी हिरोकी असाकावा यांनी डोकॅन (त्याचे आजचे रूप डोकॅनी) आणि बिल झिसिमोपुलोस यांनी विनएफएसपी लिहिले.

निदानाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट कळीची आहे. विंडोजवर आरक्लोनने क्लाउड माउंट केला, तर कर्नलमध्ये शिरतो तो आरक्लोन नव्हे, त्याच्याखालचा विनएफएसपीचा ड्रायव्हर. साधा प्रोग्रॅम कोसळला तर फक्त तो स्वतः बंद पडतो; कर्नलमधला ड्रायव्हर चुकला तर सगळा संगणक घेऊन पडतो. म्हणून निळा पडदा आल्यावर वर दिसणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर त्याच्याखालच्या ड्रायव्हरचीही आवृत्ती तपासावी लागते.

गोठणे : जवळची डिस्क विचारलेल्या फाइलीचे उत्तर देते, नाहीतर त्रुटी कळवते. नेटवर्कवर तिसरी शक्यता असते : काहीच उत्तर न येणे. बहुतेक प्रोग्रॅम ही शक्यता धरून लिहिलेले नसतात. लॅपटॉपवर ऑफिसचा सर्व्हर माउंट असताना झाकण बंद केले आणि घरी येऊन दुसऱ्या वाय-फायवर उघडले, तर एक्सप्लोररच्या ‘धिस पीसी’ खिडकीत प्रत्येक ड्राइव्हकडे मोकळी जागा किती हे विचारले जाते. एक ड्राइव्ह गप्प राहतो, पत्त्याच्या पट्टीतली हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत राहते आणि ज्यांचा त्या ड्राइव्हशी संबंध नाही अशी फोल्डरेही उघडत नाहीत. माउस हलत असतो, गाणे वाजत असते. संगणक कोसळलेला नाही, तो वाट पाहत आहे.

लिनक्सवर हेच चित्र अधिक स्पष्ट दिसते. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञा दिली की प्रॉम्प्ट परत येत नाही आणि कंट्रोल-सी दाबूनही ती सुटत नाही. प्रोसेसच्या यादीत तिच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसते. अर्थ असा की ती कर्नलमध्ये अडकली आहे आणि मध्येच थांबवता येत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये अमुक प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ अडकल्याची नोंद उमटते. एनएफएसचे माउंट मुळात ‘हार्ड’ प्रकारचे असते, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत ते प्रयत्न सोडत नाही. ‘सॉफ्ट’ पर्याय घेतल्यास ठरलेल्या प्रयत्नांनंतर त्रुटी परत येते आणि प्रोग्रॅम सुटतो, पण अर्धवट लिहिलेली फाइल कोणाच्या लक्षात न येता बिघडू शकते. महत्त्वाचे लेखन जिथे होते, तिथे गोठणे पत्करून ‘हार्ड’ ठेवणेच शहाणपणाचे.

फ्यूजमध्ये आणखी एक प्रकार घडतो. माउंट सांभाळणारा प्रोग्रॅम स्वतःच्याच माउंटमधली फाइल उघडू लागला, तर तो स्वतःच्या उत्तराची वाट पाहत बसतो. मेमरी संपत आल्यावरही असाच फास पडू शकतो : मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नलला न लिहिलेला मजकूर त्या प्रोग्रॅमकडे द्यायचा असतो आणि तो लिहिण्यासाठी त्या प्रोग्रॅमला मेमरी हवी असते.

कोसळणे : विंडोजमध्ये निळा पडदा (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत काळा), लिनक्स व मॅकमध्ये कर्नल पॅनिक ही याची खूण. त्यामागची नेहमीची कारणे चार. पहिले, ड्रायव्हरमधलीच चूक : मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणे किंवा चुकीच्या वेळी मेमरीला हात लावणे. दुसरे, एकाच मार्गावर अनेक ड्रायव्हरांची गर्दी. अँटिव्हायरस, बॅकअप, एन्क्रिप्शन हे प्रत्येक फाइलीच्या वाटेत आपापला फिल्टर ड्रायव्हर बसवतात. विंडोजमध्ये कर्नलचा स्टॅक (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) ३२-बिट यंत्रावर १२ केबी आणि ६४-बिट यंत्रावर २४ केबी एवढाच असतो. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारत गेले की तो भरून वाहतो आणि हेक्स क्रमांक ७एफचा स्टॉप कोड (पडद्यावरचा बिघाडाचा क्रमांक) येतो. तिसरे, झोपेतून उठताना ड्रायव्हरने वीजस्थितीच्या विनंतीला उत्तर न देणे. याचा क्रमांक ९एफ. चौथे, जुन्या आवृत्तीचे अवशेष : डोकॅनीच्या पहिल्या व दुसऱ्या पिढीच्या ड्रायव्हरांची नावे वेगळी असल्याने दोन्ही एकाच संगणकावर राहू शकतात. विंडोजच्या स्वतःच्या नेटवर्क फाइल यंत्रणेतल्या बिघाडाला क्रमांक २७ आहे. तो दिसला तर शोधाची सुरुवात तिथून करावी.

निदान : १) ‘आपोआप रीस्टार्ट’ हा पर्याय बंद करावा, म्हणजे स्टॉप कोड वाचता येतो. २) विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’मध्ये प्रत्येक वेळची नोंद साठते, ती विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने उघडावी. साधनाने एखाद्या ड्रायव्हरकडे बोट दाखवले म्हणून तोच दोषी ठरत नाही. एकाने बिघडवलेल्या मेमरीवर दुसरा अडखळतो. तीन-चार डंपमध्ये तेच नाव आले तर संशय पक्का धरावा. ३) बिघाड केव्हा होतो ते लिहून काढावे : झोपेतून उठल्यावर, वाय-फाय बदलल्यावर, व्हीपीएन तुटल्यावर की मोठी फाइल कॉपी करताना? वेळेचे हे टिपण अनेकदा डंपपेक्षा लवकर वाट दाखवते. ४) एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी माउंट आपोआप सुरू होणे थांबवावे, मग अँटिव्हायरसला तो ड्राइव्ह वगळायला सांगावे, मग ड्रायव्हर काढून नवी आवृत्ती बसवावी. ५) ड्रायव्हर काढल्यावर ‘रीस्टार्ट’च निवडावे. विंडोज ८पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. त्यामुळे संगणक बंद करून सुरू केला तरी कर्नल कोरा होत नाही. ६) ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हा शेवटचा उपाय. तो संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देतो, त्यामुळे संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. आधी बॅकअप घ्यावा, मायक्रोसॉफ्टचे नसलेले ड्रायव्हर तेवढेच निवडावेत आणि अडल्यास सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर बंद करावा.

मॅकवर पॅनिकची नोंद ‘डायग्नॉस्टिक रिपोर्ट्स’ फोल्डरात मिळते. लिनक्सवर गोठलेले फ्यूज माउंट सोडवायला त्याची जोडणी ‘अबॉर्ट’ करण्याची सोय कर्नल देतो. ‘लेझी’ पद्धतीने अनमाउंट केल्यास ते फोल्डर लगेच नजरेआड होते, पण अडकलेली प्रोसेस तशीच राहते.

विदेचे रक्षण : या विषयात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. कॅशे (फाइलींची जवळच्या डिस्कवरची तात्पुरती साठवण) चालू असलेल्या माउंटमध्ये ‘सेव्ह’ दाबले म्हणजे फाइल सर्व्हरवर पोचली असे नाही. आरक्लोन लेखनाचा कॅशे वापरत असेल, तर फाइल बंद झाल्यावर मुळातल्या मांडणीनुसार ५ सेकंद थांबून ती वर पाठवू लागतो. मधेच संगणक पडला तर ती फाइल कॅशे फोल्डरात राहते आणि त्याच पर्यायांसह तेच माउंट पुन्हा सुरू केल्यावर वर जाते. म्हणून कोसळल्यानंतर ‘साफसफाई’ म्हणून कॅशे पुसू नये. ज्या कामासाठी एवढी यातायात, ते काम कदाचित तिथेच शिल्लक असते. आधी कॅशेची प्रत काढावी, मग दुरुस्तीला हात घालावा.

प्रतिबंध : लॅपटॉप झोपवण्याआधी माउंट सोडावे. लिनक्सवर एफएसटॅब फाइलीत असे पर्याय द्यावेत की सर्व्हर नसला तरी संगणक सुरू होईल आणि माउंट गरज पडेल तेव्हाच होईल. एसएसएचएफएसला ठरावीक अंतराने सर्व्हरची चाचपणी करायला सांगावे, म्हणजे तुटलेली जोडणी लवकर कळते. छोटी चित्रे बनवणे, शोधासाठी इंडेक्स करणे अशी पडद्यामागची कामे दूरच्या ड्राइव्हवर बंद ठेवावीत. डेटाबेस, मेलची साठवण किंवा आभासी यंत्राची डिस्क असल्या माउंटवर ठेवू नये. जिथे रोज तासन्‌तास लेखन होते, तिथे फाइल जवळच्या डिस्कवर ठेवून तिची प्रत वर पाठवणे हाच सुरक्षित मार्ग.

सद्यःस्थिती : कर्नलमध्ये परक्या कोडला कमीत कमी वाव, याकडे सर्व मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमांचा कल आहे. ॲपलने २०१९मधल्या कॅटालिनापासून कर्नल एक्स्टेंशन हद्दपार करायला सुरुवात केली. ॲपल सिलिकॉनच्या यंत्रांवर ती वापरण्यासाठी सुरक्षेची पातळी मुद्दाम कमी करावी लागते. मॅकफ्यूजच्या पाचव्या आवृत्तीने कर्नलबाहेर चालणाऱ्या एफएसकिटचा पर्याय दिला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधल्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. ते सॉफ्टवेअर ड्राइव्ह माउंट करणारे नव्हते, पण कर्नलमधल्या एका ड्रायव्हरची चूक किती दूर पोचते हे त्याने दाखवले. परका कोड कर्नलबाहेर नेण्याचा हा बदल पुरा होईल तेव्हा निळे पडदे कमी होतील. मात्र सर्व्हर गप्प राहिल्यावर किती वेळ थांबायचे, हा प्रश्न कर्नलबाहेरही उरतो. त्याचे उत्तर माउंट करणाऱ्यानेच पर्याय निवडताना द्यायचे असते.