सीमोल्लंघन, कातडी होड्या आणि जे. पी. नगर

सध्याचं पोस्टिंग बेंगळुरू. घर जे. पी. नगरमध्ये, सारक्की तलावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये घडलेल्या माणसाने मद्रास सॅपर्सच्या गावात राहायचं म्हणजे गंमतच असते. इथले 'थंबी' चहा पाजतात आणि चहा संपेपर्यंत पूल कोण चांगला बांधतं यावर वाद घालतात. आजचा विषय मात्र पुलाचा नाही, होडीचा आहे. मी सॅपर आहे हे कळल्यापासून आसपासच्या सोसायट्यांमधले लोक एकच प्रश्न विचारतात : फुगवायची, परवडणारी एखादी होडी घेऊन ठेवावी का? आणि घ्यायची तर कुठली?

नऊशे मीटर उंचीवरचं शहर, जवळपास मोठी नदी नाही, आणि इथल्या माणसाला होडी हवी! पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हसू नये. हे शहर तलावांच्या साखळीवर वसलंय. वरचा तलाव भरला की पाणी राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, खालच्या तलावात जायचं. मधल्या नाल्यांवर आणि तलावांच्या काठांवर घरं आली, पाण्याची वाट अडली. 24 नोव्हेंबर 2019 ला आमच्याच बाजूला, बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या हुळिमावु तलावाचा बांध फुटला आणि रविवारच्या दिवशी शेकडो घरांत पाणी शिरलं. सप्टेंबर 2022 मध्ये तर बेल्लंदूरच्या बाजूला बंगलेवाल्यांना ट्रॅक्टर आणि रबरी होड्यांमधून बाहेर काढावं लागलं. तेव्हा प्रश्न वेडगळ नाही.

त्याचं उत्तर मला कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा आपल्याच इतिहासात जास्त सापडतं.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. सोनं लुटतो, आपट्याची पानं वाटतो. त्यामागचं लष्करी कारण साधं आहे : पावसाळ्यात कृष्णा, भीमा, गोदावरी दुथडी भरून वाहतात, घोडदळ अडकतं. पाणी उतरलं, उतार मिळाले, गवत-दाणा तयार झाला की मुलुखगिरी सुरू. म्हणजे मराठी फौजेचं कॅलेंडर नद्या ठरवत होत्या. घरी मुक्काम, शेतीची कामं, मग दसरा. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं, कारण समोरचा शत्रूही त्याच नद्यांनी अडत असे.

1803 मध्ये समोर असा एक माणूस आला ज्याने हे कॅलेंडरच उलटवलं. आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो तिथला कारभार बघत होता. 1800 साली धोंडजी वाघाचा पाठलाग करताना त्याला तुंगभद्रा आणि तिच्या आसपासच्या नद्या भर पुरात ओलांडाव्या लागल्या. तिथे त्याला इथल्या लोकांची गोल होडी नीट कळली. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. बांबूची मोठी टोपली, बाहेरून जनावराचं कातडं ताणून लावलेलं. हंपीला गेलेल्यांनी तिच्यात बसून तुंगभद्रा ओलांडली असेल. आता कातड्याऐवजी प्लास्टिक आणि डांबर असतं एवढंच. किंमत नगण्य, वजन कमी, फाटली तर काठावर बसून दुरुस्त.

वेलस्लीचं गणित असं : मराठ्यांची ताकद हलक्या घोडदळात आहे. नद्या भरल्या की ते घोडदळ जागच्या जागी थांबतं. माझ्याकडे होड्या असतील तर मी थांबणार नाही. म्हणजे पावसाळा हा माझा मोसम! म्हणून त्याने दसऱ्याची वाट पाहिली नाही. 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि त्याच महिन्यात अशाच टोपलीवजा होड्यांतून सैन्य गोदावरीपार नेलं. 23 सप्टेंबरला असईची लढाई झाली, दसऱ्याच्या आसपास. (तिथे खेळणा नदी ओलांडताना मात्र होडी लागली नाही. दोन गावं समोरासमोर दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, हा त्याचा अंदाज. बरोबर निघाला. असईला गेलात तर ते पात्र जरूर बघा.)

हे वाचून आपल्याला वाईट वाटतं, वाटायलाच हवं. शिंद्यांच्या तोफा आणि कवायती पलटणी काही कमी नव्हत्या. पण एक स्वस्त टोपली आपण मोजलीच नव्हती.

आणि ही टोपली फिरंग्यांची मक्तेदारी नव्हती, हे पुढच्याच वर्षी दिसलं. 1804 च्या जुलैत कर्नल मॉन्सन मुकुंदरा खिंडीतून माघारी फिरला तेव्हा मागे यशवंतराव होळकर आणि पुढे भर पावसातल्या नद्या. होड्यांची तजवीज नव्हती. चिखलात तोफा सोडाव्या लागल्या, बनास ओलांडताना मार खाल्ला आणि ऑगस्टच्या शेवटी आग्र्याला पोचलं ते सैन्याचं लक्तर होतं. वेलस्लीने त्या माघारीची चिरफाड करताना याच मुद्द्यावर बोट ठेवलं : पावसाळ्यात फौज पुढे न्यायची तर मागच्या प्रत्येक नदीवर होड्या आधीच हव्यात. होळकरांनी त्याचाच डाव इंग्रजांवर उलटवला होता.

हवा भरून तरंगण्याची युक्ती तर त्याहून फार जुनी. निमरूदच्या असिरियन शिल्पांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात, फुगवलेल्या कातड्यावर पोहणारे सैनिक कोरलेत. 1539 मध्ये चौसाला शेरखानाने हुमायूनला पळवला तेव्हा गंगेत बुडता बुडता त्याला निजाम भिश्त्याच्या फुगवलेल्या मशकीने वाचवलं. 1840 च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या पीटर हॉकेटने रबरी कापडाचा असा झगा बनवला की तो फुगवला की होडी व्हायची. गंमत म्हणून सोडून द्यावी अशी वस्तू, पण आर्क्टिकमध्ये जॉन रे याने अशी होडी खरोखर वापरली. आणि 1952 मध्ये फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार साडेचार मीटरच्या झोडियाक होडीतून एकटा अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला पोचला. तेव्हापासून फुगवलेल्या होडीला कोणी खेळणं म्हणेनासं झालं.

बाजारात मात्र खेळणीही 'होडी' म्हणूनच विकतात, आणि गोंधळ तिथे होतो.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक होड्या नुसत्या विनाइलच्या असतात, आत कापड नसतं. तरणतलावात ठीक. आपल्या गल्लीत पाणी भरतं तेव्हा त्याखाली काय असतं ते आठवा : कंपाउंडच्या काचा, बांधकामाच्या सळ्या, पत्रे. विनाइलचा तळ तिथे दहा मिनिटं टिकणार नाही. आत पॉलिस्टरचं विणलेलं कापड असलेलं पीव्हीसी हवं, सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचं, आणि सांधे चिकटवलेले नसून उष्णतेने जोडलेले असतील तर उत्तम. हायपालॉनचं कापड उन्हाला जास्त दाद देत नाही, पण वर्षातून दोन दिवस पाणी बघणाऱ्या होडीसाठी तेवढा खर्च मला पटत नाही.

दुसरी गोष्ट नळीची जाडी. लांबी सगळे विचारतात, जाडी कोणी विचारत नाही. हिशेब करून बघा. 40 सेंटिमीटर व्यासाची नळी दर मीटरला साधारण 125 किलो पेलते; 25 सेंटिमीटरची जेमतेम 49. तीन मीटर होडीला सात मीटर नळी धरली तर एकीला पावणेनऊशे किलो, दुसरीला साडेतीनशेच्या आत. त्यात तीनपैकी एक कप्पा फुटला तर? जाड नळीच्या होडीत अजून पावणेसहाशे किलोचा आधार उरतो आणि चार माणसं जिवंत राहतात. बारीक नळीच्या होडीत उरलेले सव्वादोनशे किलो कागदावरच असतात. म्हणून स्वतंत्र कप्पे किमान तीन, आणि फुगवता येणारा तळ असेल तर तो वेगळा.

क्षमतेच्या पाटीवर 'पाच' लिहिलं असेल तर मी तीन धरतो. सांगलीकडच्या वाचकांना यामागचं कारण सांगायला नको. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी होडी उलटली. माणसं जास्त झाली होती, अंगात लाइफ जॅकेट नव्हती. होडी होती, लोक धीराचे होते, गाव आपलं होतं, तरी. त्यामुळे माझा क्रम पक्का आहे : पैसे कमी असतील तर आधी जॅकेट, मग दोर, मग होडी.

मोटर? सोसायटीला नको. साचलेल्या पाण्यात होडी ही स्ट्रेचर असते : आजीबाई, बाळंतीण, डायलिसिसचा पेशंट तिच्यात, आणि दोन धडधाकट माणसं कमरेपर्यंतच्या पाण्यातून दोराने ओढणारी. पुढच्याच्या हातात लांब बांबू, उघडं मॅनहोल चाचपायला. त्याआधी इमारतीची वीज बंद. वाहत्या पाण्यात, राजकालुव्याच्या जवळ, हौशी माणसाने अजिबात उतरू नये. ते काम एनडीआरएफ आणि अग्निशमन दलाचं. आणि हो, हौस म्हणून तीच होडी रविवारी सारक्की किंवा पुट्टेनहळ्ळी तलावात घालायची नाही. तिथे परवानगी लागते, आणि ते तलाव लोकांनी फार कष्टाने परत मिळवलेत.

घेतलेली होडी सांभाळणं हा वेगळाच विषय. कातडी होडी ओली ठेवली तर कुजायची, पीव्हीसीला बुरशी धरते आणि बेसमेंटमधले उंदीर तर कशालाच सोडत नाहीत. पुसून, पूर्ण वाळवून, सैल घडी करून वरच्या मजल्यावर ठेवा. बेसमेंटमध्ये ठेवलेली होडी पुराच्या दिवशी पाण्याखालीच सापडेल.

14 फेब्रुवारी 1945 ला ब्रह्मदेशात न्याउंगूला 7 व्या भारतीय डिव्हिजनने इरावती ओलांडली. शेकडो मैल खराब रस्त्यावरून आणलेल्या होड्या गळत होत्या, मोटरी ऐन वेळी चालू होईनात आणि पहिल्या मोठ्या तुकडीची प्रवाहात दैना उडाली. नदी शेवटी पार झाली, पण ती किंमत आधीच्या तपासणीने बरीच कमी झाली असती. आमच्याकडे अजूनही पावसाळ्याआधी प्रत्येक होडी उतरवून बघतात ती उगाच नाही.

तुम्ही मे महिन्यात एवढंच करा : गच्चीवर होडी पूर्ण फुगवा आणि रात्रभर ठेवा. रात्रीच्या गारव्याने ती किंचित सैल होईल, ते चालतं. पण एखादाच कप्पा बाकीच्यांपेक्षा मऊ लागला तर त्याच्या व्हॉल्व्हवर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे खूण करा आणि ठिगळ लावा. पंप, वल्ही आणि ठिगळाचा डबा होडीच्याच पिशवीत असू द्या, आणि पिशवी कुठे आहे ते वॉचमनला दाखवून ठेवा.