बालप्रतिभा : नकलेपासून निर्मितीपर्यंत
आधारस्वराविना कोणताही स्वर अचूक ओळखण्याची क्षमता, म्हणजे निरपेक्ष स्वरबोध, बहुधा सहा-सात वर्षांच्या आत संगीतशिक्षण सुरू झालेल्यांतच आढळते. म्हणूनच आनुवंशिकतेइतकेच बालवयातील श्रवणही महत्त्वाचे ठरते. मात्र अनुकरण ही केवळ पहिली पायरी होय. बेळगावनजीक सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ ध्वनिमुद्रिका ऐकून दिग्गजांची गायकी हुबेहूब गात. बालपणीच त्यांना ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी लाभली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. देवास येथे क्षयरोगामुळे गाणे थांबले असता माळव्यातील लोकधुना कानी पडल्या व त्यांतून नवे राग आकारास आले. टाळ्यांच्या घाईत शिक्षण व चिंतन यांना अवकाश न मिळाल्यास प्रतिभा नकलेपाशीच खुंटते.