प्रतापगडची तिबेटी वसाहत आणि नागरिकत्वाचे खटले

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. महाराष्ट्रातील ही एकमेव तिबेटी वसाहत १९७२ साली वसली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. इटियाडोह धरण आणि नवेगावबांधचे जंगल जवळच आहे. पावसाळ्यात भातशेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी जाऊन स्वेटरांची विक्री, यांवर इथली घरे उभी राहिली. आसपासच्या गावांत वसाहतीला 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. या कॅम्पात जन्मलेले मूल कायद्याने कोणत्या देशाचे, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे गेली, आणि ते न्यायालयातून आले.

मार्च १९५९ मधील ल्हासाच्या उठावानंतर दलाई लामांच्या मागोमाग हजारो तिबेटी भारतात आले. त्यांना आसरा आणि जमीन मिळाली, पण निर्वासितांसाठी वेगळा कायदा भारताने केला नाही आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावरही सही केली नाही. परिणामी १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या लेखी हे सगळे परकीयच राहिले. प्रत्येकाला नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतली 'आरसी', काढावी लागे. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते, आणि मुदत संपली की नूतनीकरणासाठी पुन्हा तिथेच जावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचे ओळख प्रमाणपत्र घ्यावे लागे. इथल्याच मातीत जन्मलेली मुलेही वयात आली की परकीय म्हणून नोंदवली जात.

गंमत वाटावी इतका साधा नियम याच काळात कायद्याच्या पुस्तकात होता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० किंवा त्यानंतर भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरत होती. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडले तर आईबाप कोण, हे विचारलेच जात नव्हते. १९८६ च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय असण्याची अट घातली. म्हणजे त्या तारखेआधी वसाहतीत जन्मलेला प्रत्येक जण कायद्याने भारतीय होता. प्रशासन मात्र हातातल्या आरसीकडे पाहत राहिले.

ही कोंडी फोडली ती एका तरुणीने. कांगड्यात १९८६ साली जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांनी २००८ मध्ये पासपोर्टसाठी अर्ज केला. त्यांच्याकडे ओळख प्रमाणपत्र असल्याचे कारण देऊन तो नाकारला गेला. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. अर्जदाराने स्वतःला तिबेटी म्हणून नोंदवले आहे, मग ती भारतीय कशी, असा सरकारचा मुद्दा होता. न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी २२ डिसेंबर २०१० रोजी तो फेटाळला. जन्माने मिळालेले नागरिकत्व ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याने सुटत नाही, असे त्यांनी ठरवले. न्यायालयाने नवे काही बहाल केले नव्हते. १९५५ पासून कायद्यात असलेला हक्क फक्त मान्य केला होता.

निकाल स्पष्ट होता, तरी कार्यालये सरळ वळली नाहीत. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला तेन्झिन चोफाग लिंग रिनपोछे यांच्या याचिकेत तेच पुन्हा सांगावे लागले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने पात्र तिबेटींची नावे मतदार यादीत घेण्याची सूचना केली. पासपोर्टचे घोडे मात्र अडलेलेच होते. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फुंत्सोक वांग्याल यांच्या याचिकेवर निकाल दिल्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०१७ मध्ये देशभरातील पासपोर्ट कार्यालयांना आदेश धाडले. दुसऱ्या राज्यातील उच्च न्यायालयाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर आपोआप बंधनकारक ठरत नाही. त्यामुळे गोंदियातल्या माणसाच्या दृष्टीने मंत्रालयाच्या या परिपत्रकाचे मोल निकालाइतकेच मोठे होते.

त्याच वर्षी अटीही आल्या. आरसी आणि ओळख प्रमाणपत्र परत करायचे, वसाहतीत राहायचे नाही आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडायचे. नॉर्ग्येलिंगमध्ये घर आणि शेत वसाहतीच्या व्यवस्थेतूनच मिळालेले असते. तिथल्या माणसाला पासपोर्टची किंमत म्हणून राहते घर सोडायला सांगणे अन्यायाचेच होते. जन्माने मिळालेल्या हक्कावर अशी अट लादण्याला कलम ३ मध्ये कुठलाही आधार नाही. शिवाय तिबेटी समाजातही मतभेद होते. निर्वासितपण सोडले तर परतीचा दावा दुबळा होईल, ही भीती खरी होती आणि अनेकांनी अर्जच केला नाही.

या लढ्याचे हत्यार होते राज्यघटनेचे कलम २२६. त्याखाली उच्च न्यायालय अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करायला लावणारा परमादेश काढू शकते. अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रखडलेल्या अर्जांसाठी तिथली मराठी कुटुंबे संघीय न्यायालयात जातात, तेव्हाही आधार असाच असतो: १९६२ चा परमादेश कायदा. तिथे न्यायालय निर्णय घ्यायला भाग पाडते, तो कोणता असावा हे सहसा सांगत नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये हाच धडा घालून दिला होता. नागरिकत्वाचे अर्ज जिल्हाधिकाऱ्याने अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवलेच पाहिजेत, आणि कलम २१ चे जीविताचे संरक्षण परकीयालाही आहे, असे त्या निकालात म्हटले आहे.

तारखांचा खेळ एका घरात किती गुंततो, हे पाहण्याजोगे आहे. १९७५ साली नॉर्ग्येलिंगमध्ये जन्मलेली स्त्री जन्माने भारतीय. तिचा १९९८ मधला मुलगा, आई नागरिक असल्यामुळे, कलमाच्या शब्दांनुसार भारतीयच. मात्र ३ डिसेंबर २००४ पासूनच्या नियमाप्रमाणे दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणून २००६ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीसाठी वडिलांचीही कागदपत्रे तपासावी लागतात. आणि तिबेटमधून चालत आलेली आजी आजही परकीयच आहे. १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा लागू झाला, तरी तिचा आधार पूर्वीसारखाच नोंदणी आणि सरकारने दिलेली सूट हाच आहे.