बुरशीला अस्सलपणा म्हणू नये

आजोबांच्या रायफलवरची दुर्बीण कपाटात सापडली की पुण्यात एक सल्ला हमखास मिळतो: तिला हात लावू नका. सल्ला देणारा कधी संग्राहक असतो, कधी जुन्या वस्तूंचा व्यापारी, कधी सैन्यातून निवृत्त झालेला जाणकार. त्याचे म्हणणे असे की, दुर्बीण जशी सापडली तशीच ती अस्सल. ती उघडली, आतून पुसली, भिंगे पुन्हा जोडली, की तिचे मोल संपले. हे मत आता इतके रुजले आहे की दुरुस्तीचा विचार करणाऱ्यालाच अपराधी वाटावे. मला हे मत चुकीचे वाटते. चुकीच्या मतापायी चांगल्या वस्तू डोळ्यांदेखत नष्ट होत असल्यामुळे त्याचे खंडन करणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. हा नियम जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांकडून आला. बंदुकीच्या नळीचे जुने ब्लूइंग, म्हणजे निळसर-काळा संरक्षक थर, घासून नवे चढवले, पॉलिश करताना कारखान्याचे कोरीव शिक्के झिजवले, की तिचा इतिहास पुसला जातो, हे खरेच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नंबर ४ (टी) या स्नायपर रायफलचे उदाहरण घ्या. तिच्यावर नंबर ३२ ही तीनपट मोठे दाखवणारी दुर्बीण बसवत, आणि त्या दुर्बिणीचा क्रमांक रायफलच्या दस्त्याच्या मानेवर लाकडात ठोकत. जोडी फुटली की दोन्ही वस्तू अपुऱ्या होतात. अशा वस्तूवर उत्साहाने पॉलिशचे चाक फिरवणारा माणूस मलाही नको आहे. बाहेरच्या धातूपुरता हा नियम मी पूर्ण मान्य करतो.

चूक पुढे होते. लोखंडासाठी केलेला नियम काचेला लावला जातो. धातूवरचा जुना काळपट थर बहुतेक वेळा स्थिरावलेला असतो; त्याला सोडून दिले तर तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. दुर्बिणीच्या आत मात्र काहीही स्थिर नसते.

या दुर्बिणी आपल्या घरांत कशा पडून राहिल्या तेही पाहू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार थांबली. रायफली परवान्यावर राहिल्या किंवा जमा झाल्या. दुर्बिणी चामड्याच्या डबीत घालून माळ्यावर गेल्या. तेव्हापासून पन्नासहून अधिक पावसाळे त्यांनी तिथेच काढले. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. आजच्या दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून नळी बंद केलेली असते. ही रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्याआधीच्या दुर्बिणीच्या नळीत साधी हवा असते. दिवसा ती तापून प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते, आणि सांध्यांतून दमट हवा आत ओढली जाते. त्यात चामडे ओल धरून ठेवते. बुरशीला लागणारे खाद्यही आतच असते: ग्रीसमधून उडून काचेवर बसलेले तेल, धाग्याचे कण, भिंगांच्या कडेचा बाल्सम, म्हणजे ती जोडणारी राळ.

ही बुरशी म्हणजे नुसता डाग नव्हे. ती वाढताना आम्ले सोडते आणि ती आम्ले आधी कोटिंग, मग काच खातात. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे धागे योग्य द्रावणाने निघतात आणि काच शाबूत राहते. काही वर्षांनी तेच धागे पुसले तरी खाली त्यांची नक्षी काचेत कोरलेली सापडते. ती घालवायला भिंग पुन्हा घासावे लागते, आणि चांगल्या भिंगाच्या पृष्ठभागात हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे साधारण ०.०००१४ मिलिमीटरचा, दोषही जाणवतो. एवढी अचूकता हाती नसलेल्याने घासलेले भिंग कायमचे बिघडते. म्हणून 'हात लावू नका' याचा प्रत्यक्ष अर्थ 'आणखी काही वर्षे कोरू द्या' असा होतो. याला जतन म्हणता येत नाही.

बाल्समचेही तसेच. जुन्या दुर्बिणीतले मुख्य भिंग बहुधा दोन काचांचे, क्राउन आणि फ्लिंट यांचे, जोडभिंग असते. त्या झाडापासून मिळणाऱ्या कॅनडा बाल्सम नावाच्या राळेने जोडलेल्या असतात. त्याचा वक्रीभवनांक काचेच्या जवळपास असल्याने जोडावर प्रकाश जवळजवळ परावर्तित होत नाही. काळाने बाल्सम पिवळा पडतो, कडेकडून सुटतो, दोन काचांमध्ये हवा शिरते आणि इंद्रधनुषी कडी दिसू लागतात. हवा आणि काच यांच्या प्रत्येक साध्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. जोड सुटला म्हणजे अशा दोन सीमा वाढल्या. पण बाल्समचा एक मोठा गुण आहे: उबेने तो मऊ होतो आणि द्रावणात विरघळतो. ज्यांनी तो वापरला त्यांनी पुढच्या कारागिराला दार उघडे ठेवले होते. हे दार वापरायचेच नाही असा आग्रह धरणारे मूळ कर्त्याच्या हेतूचा आदर करतात असे मला वाटत नाही.

आता 'अस्सल' या मुद्द्याकडे येतो, कारण पूर्वपक्षाचे खरे बळ तिथे आहे. अस्सल अवस्था कोणत्या दिवसाची धरायची? नंबर ३२ दुर्बिणीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या नोकरीत असतानाच लष्करी कार्यशाळांत उघडल्या गेल्या, सुधारल्या गेल्या, आणि त्यांवरचे 'मार्क'चे शिक्के बदलले गेले. हे बदल आज तिच्या इतिहासाचा भाग म्हणून कौतुकाने वाचले जातात. मग कारागिराचा हात लागला की इतिहास संपतो, हे म्हणणे टिकत नाही.

याहून मोठा दाखला पुण्याचाच आहे. १८८८ साली इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे कष्ट, यांतून तिथे ग्रब यांनी बनवलेली २० इंची परावर्तक दुर्बीण आली. त्या काळी देशातली ती सर्वांत मोठी. तिचा आरसा काचेचा होता आणि त्यावर चांदीचा थर. असा थर हवेत काळवंडतो. तो धुऊन काढून पुन्हा चढवणे हे त्या काळच्या प्रत्येक परावर्तक दुर्बिणीच्या नेहमीच्या देखभालीचे काम होते. म्हणजे ज्या पृष्ठभागाने ताऱ्यांचा प्रकाश गोळा केला, तो पृष्ठभागच वारंवार नवा होत असे. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सगळी साधने कोडाईकनालला गेली. पुढे १९८० च्या दशकात हीच दुर्बीण डागडुजी करून लेहला नेली, लडाखच्या आकाशाची पारख करण्यासाठी. आज ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाते. तिला कोणी हात लावला नसता तर ती शंभरीच्या उंबरठ्यावर पुन्हा कामाला लागली नसती. पुणेकरांनी हा इतिहास विसरून अस्पर्शतेचा पुरस्कार करावा याचे मला दुःख होते.

भारतीय सर्वेक्षणातल्या प्रचंड थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजणाऱ्या यंत्राची, गोष्टही इथे सांगण्याजोगी आहे. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळले आणि त्याचे अंशांच्या खुणांचे चक्र वाकले. ते सर्वेक्षण चालवणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांनी सहा आठवडे खपून ते पुन्हा गोल केले. पुढे हेन्री बॅरो आणि अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी त्याची नव्याने बांधणी केली. मोहसीन हुसेन तर पुढे सर्वेक्षणाचे उपकरणकार झाले. आज ते यंत्र पाहताना आपण त्यांच्या कारागिरीपुढेही नतमस्तक होतो. आपल्याकडच्या शास्त्रीय उपकरणांची परंपरा दुरुस्तीचीच आहे, आणि ती करणाऱ्यांत या मातीतली माणसे होती.

मात्र उत्तरपक्षाने स्वतःवरही बंधन घातले पाहिजे. दुरुस्तीच्या नावाखाली 'नव्यासारखी' करून देणारे लोक आहेत आणि त्यांच्यामुळेच अस्पर्शतावाद्यांचे फावते. भिंगावर परावर्तन कमी करणारा थर देण्याची युक्ती झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली. त्याआधीची भिंगे कोरीच. अशा दहा कोऱ्या पृष्ठभागांतून प्रकाश गेला तर सुमारे दोनतृतीयांशच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. ती अंधूकता त्या काळच्या तंत्राची आहे, बिघाड नव्हे. अशा भिंगांवर आजचे कोटिंग चढवणे म्हणजे खोटेपणा. तसेच क्रॉसवायरचे. जुन्या दुर्बिणीत नेम सरकवला की क्रॉसवायर दृश्याच्या मध्यापासून बाजूला गेलेली दिसते, कारण तेव्हा क्रॉसवायरच सरकत असे. प्रतिमा सरकवून क्रॉसवायर मध्यावर ठेवण्याची सोय नंतरची. हा 'दोष' काढायला निघालेल्या कारागिराच्या हातून दुर्बीण परत घ्यावी.

मग करायचे काय? बुरशी काढायची, वाळून चिकट झालेले ग्रीस बदलायचे, सुटलेले जोडभिंग पुन्हा जोडायचे, आणि तेही शक्यतो बाल्समनेच. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा आधुनिक गोंद मजबूत असतो, पण पुढच्या पिढीला तो सोडवताना घाम फुटेल. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचे फोटो, भिंगांच्या कडेला जुळणीची खूण, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून मालकाला परत, ही अट लेखी घालावी. भिंग धरून ठेवणारी रिंग पकडीने फिरवणाऱ्याकडे वस्तू देऊ नये. त्यासाठी दोन टोकांचा पाना असतो. असा माणूस शोधायचा तर जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे उघडणारे, महाविद्यालयांचे सूक्ष्मदर्शक आणि सर्वेक्षणाची यंत्रे दुरुस्त करणारे यांच्याकडे जावे. हात तोच लागतो. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: दुर्बीण रायफलवरून उतरवूनच न्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि भिंगे साफ करणाऱ्याच्या टेबलावर रायफल ठेवणे दोघांनाही अडचणीत आणणारे आहे.

भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचे संवर्धन होते तेव्हा कसर लागलेले पान तसेच ठेवा, तेच अस्सल आहे, असे कोणी म्हणत नाही. मजकुराला धक्का न लावता कीड काढणे आणि फाटलेले सांधणे हीच तिथली निष्ठा. दुर्बिणीचा मजकूर म्हणजे तिच्यातून दिसणारे दृश्य.

ज्यांच्या घरी अशी दुर्बीण असेल त्यांना विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी ती चामड्याच्या डबीतून बाहेर काढा. डबी जपून ठेवा, पण वेगळी ठेवा. दुर्बीण सूर्याकडे चुकूनही रोखू नका. एका टोकाकडून टॉर्च मारा आणि तिरक्या कोनातून आत पाहा. आत धागे दिसले तर ती या वर्षीच उघडून घ्या. काही दिसले नाही तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील एवढे बघा.