सूर आणि त्याची सरकती प्रत

आमच्या शेजारचा एक मुलगा बारावीत शिकतो. गेल्या वर्षी त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. एका संध्याकाळी तो हातात दुकानाची किंमतयादी घेऊन आमच्याकडे आला. "काका, सुट्टीत शिकवण्या करून थोडे पैसे साठवलेत. एकच पेडल घेता येईल. ट्रेमोलो, फेझर, फ्लँजर, कोरस... यातलं कोणतं घेऊ? तुम्ही फिजिक्सवाले ना?"

पेडल म्हणजे गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची लहानशी डबी. त्याने नावे घेतलेल्या साऱ्या डब्या मॉड्युलेशनच्या, म्हणजे सुराचा एखादा गुण संथ लयीत सतत बदलत ठेवणाऱ्या. एवढी व्याख्या आम्ही त्याला सांगितली. पण व्याख्येने त्याचा प्रश्न सुटेना. त्याला हवी होती निवड, आणि ती आम्हाला करता येईना. म्हणून या डब्या मुळात कशासाठी निघाल्या, हे आम्ही शोधू लागलो. त्या शोधात हाती आले ते वर्गात सांगण्याजोगे आहे असे वाटल्याने येथे मांडत आहोत.

या कथेची सुरुवात गिटारच्या पुष्कळ आधी होते. १६९३ साली ख्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ फ्रान्समध्ये शांतिई येथील बागेतल्या कारंज्याविषयी लिहितो. कारंज्याचा आवाज म्हणजे नुसती खळखळ. तिला ठराविक सूर नसतो. पण समोरच्या दगडी पायऱ्यांवरून परतणाऱ्या आवाजासह ती ऐकली, तर तिच्यात एक स्पष्ट सूर उमटे. हायगेन्सने पायरीच्या रुंदीएवढ्या लांबीची कागदाची नळी केली. तिचा सूर तोच निघाला. हिवाळ्यात पायऱ्या बर्फाने झाकल्या गेल्या तेव्हा कारंज्यातला सूर नाहीसा झाला.

हे कसे घडते? मूळ आवाजात त्याचीच १ मिलिसेकंद उशिरा आलेली प्रत मिसळली आहे असे समजू. ५०० हर्ट्‌झच्या लहरीचा आवर्तकाल २ मिलिसेकंद. तिची प्रत बरोबर अर्धे आवर्तन मागे पडते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. १५०० आणि २५०० हर्ट्‌झलाही तेच घडते. उलट १००० आणि २००० हर्ट्‌झच्या लहरी एकमेकींना बळ देतात. आलेख काढला तर तो कंगव्यासारखा दिसतो, एक दात आणि एक फट. आता प्रतीचा विलंब हळूहळू बदलत नेला, तर हा कंगवा आवाजावरून वरखाली सरकतो. हायगेन्सचा कंगवा स्थिर होता. त्याला हलते करणारी यंत्रे येण्यास अडीचशे वर्षे लागली.

१९३७ साली कॅलिफोर्नियात डोनाल्ड लेस्ली या गृहस्थाने हॅमंड कंपनीचा विजेवर चालणारा ऑर्गन विकत घेतला. दुकानाच्या मोठ्या दालनात भरदार वाटलेला तो ऑर्गन घरच्या खोलीत अगदी सपाट वाजू लागला. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये आवाज वेगवेगळ्या जागांहून येतो. येथे तो एकाच पेटीतून येत होता. लेस्लीने मग आवाज फिरवायचे ठरवले. उंच स्वरांचा कर्णा त्याने मोटरवर बसवून गरगर फिरवला. १८४२ साली डॉप्लरने मांडलेला आणि १८४५ साली बाइस बालॉट याने हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारीवादक बसवून पडताळलेला परिणाम आता दिवाणखान्यात आला.

हिशेब सोपा आहे. कर्ण्याची त्रिज्या सुमारे २० सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला सुमारे ४०० धरले, तर कर्ण्याच्या तोंडाचा वेग सेकंदाला सुमारे ८.४ मीटर येतो. ध्वनीच्या वेगाच्या हा अडीच टक्के. म्हणजे ४४० हर्ट्‌झचा सूर सुमारे ४२९ ते ४५१ च्या दरम्यान झुलतो. अर्ध्या स्वराचे अंतर सुमारे सहा टक्के असते. त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. शिवाय कर्णा दूर वळला की आवाज बारीक होतो, समोर आला की मोठा. हॅमंड कंपनीने हा शोध नाकारला, तेव्हा लेस्लीने ती पेटी स्वतःच विकायला काढली. पुढे ती हॅमंडच्या आवाजाचा अविभाज्य भाग होऊन बसली.

यातला फक्त आवाज लहानमोठा करण्याचा भाग म्हणजे ट्रेमोलो. १९४० च्या दशकात डीआर्मंड या अमेरिकी कंपनीच्या यंत्रात एक छोटी मोटर वीजवाहक द्रवाची कुपी हलवी आणि गिटारचा संकेत त्या हेलकाव्यांनी कमीजास्त होई. सुराची उंची झुलवणे हे निराळे. त्याचे नाव व्हायब्रॅटो. पण लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर गिटार काढली, तेव्हा तारांचा ताण बदलून उंची झुलवणाऱ्या तिच्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हटले. आणि आपल्या ध्वनिवर्धकांवर, जेथे फक्त आवाज लहानमोठा होई, तेथे 'व्हायब्रॅटो' असे छापले. ही अदलाबदल आजही चालू आहे. डबीवरचे नाव हा भौतिकशास्त्राचा पुरावा नव्हे, हा पहिला धडा आम्हाला येथे मिळाला.

पुढची पायरी लंडनमध्ये पडली. गायकाने तेच गाणे दोनदा गाऊन दोन्ही ध्वनिमुद्रणे एकत्र केली की आवाज भरदार होतो. बीटल्सच्या जॉन लेनन यांना दोनदा गाण्याचा कंटाळा. १९६६ साली ॲबी रोड येथील ई.एम.आय.च्या स्टुडिओतील तंत्रज्ञ केन टाऊनसेंड यांनी त्यावर तोड काढली. गाणे दुसऱ्या टेपयंत्रावर घ्यायचे, त्याचा वेग किंचित कमीजास्त करायचा आणि ती प्रत मुळात मिसळायची. हा विलंब अगदी थोडा राहिला की कंगवा सरकू लागतो आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा घोंगावता आवाज येतो. असा आवाज टोनी फिशर यांच्या 'द बिग हर्ट' या १९५९ च्या गाण्यात पूर्वीच येऊन गेला होता. १९६७ साली स्मॉल फेसेसच्या 'इचिकू पार्क'ने तो घरोघर पोचवला. टेपच्या रिळाच्या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात. त्या कडेला बोट लावून रीळ मंद करता येते. फ्लँजिंग या नावाचा संबंध त्या कडेशी जोडला जातो.

त्याच सुमारास जपानमध्ये फुमिओ मिएदा हे अभियंते वेगळ्याच आवाजाच्या मागे होते. मॉस्को रेडिओचे लघुलहरींवरील कार्यक्रम ऐकताना आवाज झुलत येई, त्यावरून आपल्याला ही कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ज्यांनी रात्री रेडिओ सिलोनवर कान लावून गाणी ऐकली आहेत, त्यांना हा झुलता आवाज चांगला आठवत असेल. आयनांबरावरून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना कधी खोडतात, कधी वाढवतात. आणि आयनांबर स्थिर नसल्याने हा खेळ सतत बदलतो. मिएदा यांच्या युनि-व्हाइब या यंत्रात मधोमध एक लुकलुकणारा दिवा आणि त्याभोवती प्रकाशाने रोध बदलणारे चार घटक होते. प्रत्येक घटक आपल्या टप्प्यातील लहरीची कला सरकवी. १९६९ साली वुडस्टॉक येथे जिमी हेंड्रिक्स यांनी हे यंत्र वापरले. त्यावरील एका खटक्याला 'कोरस' असे नाव होते. आज आपण त्या परिणामाला फेझर म्हणू. पुन्हा नावांचा घोळ!

फेझरमध्ये खराखुरा विलंब नसतो. फक्त कला सरकते. चार टप्पे असले की कंगव्याला दोनच फटी पडतात. १९७४ साली एम.एक्स.आर. कंपनीने फेझ ९० ही एकाच बटणाची नारिंगी डबी काढली आणि फेझर खऱ्या अर्थाने पायाखाली आला.

फ्लँजर आणि कोरस यांना मात्र खरा विलंब लागतो आणि डबीत टेपयंत्र मावत नाही. ही अडचण १९६९ साली हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँग्स्टर आणि टीर यांनी सोडवली. आग लागली की माणसे रांग करून पाण्याच्या बादल्या पुढे देतात. तसेच त्यांच्या चिपमध्ये शेकडो सूक्ष्म धारित्रे घड्याळाच्या ठोक्यावर विद्युतभार पुढच्याकडे देतात. नावही तेच, बकेट ब्रिगेड. १०२४ टप्प्यांच्या चिपला सेकंदाला एक लाख ठोके दिले तर विलंब सुमारे ५ मिलिसेकंद होतो. ठोके मंद केले की विलंब वाढतो. या चिपमुळे १९७५ साली रोलंडचा जॅझ कोरस ध्वनिवर्धक आला आणि १९७६ साली बॉसचे सी.ई.-१ हे कोरस पेडल व इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस हा फ्लँजर आला.

येथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. विलंब १ मिलिसेकंदाने वाढवणे म्हणजे वाजवणाऱ्याला ३४ सेंटिमीटर मागे सरकवणे. विलंब सतत बदलत राहिला तर डॉप्लर परिणाम होतो, उंची झुलते. म्हणजे लेस्लीचा फिरता कर्णा, टाऊनसेंड यांची टेप आणि सँग्स्टर-टीर यांच्या बादल्या हे एकच काम करतात: सुराची प्रत जागची हलवतात. फरक आहे तो किती हलवायची आणि मुळात किती मिसळायची याचा.

यावरून निवडीचा विचार करता येतो. ट्रेमोलोत प्रतच नाही, फक्त आवाजाचा हेलकावा आहे. फेझरच्या फटी मोजक्या, म्हणून तो मऊ. फ्लँजरचा विलंब साधारण १ ते १० मिलिसेकंद असतो, शिवाय बाहेर पडणारा आवाज पुन्हा आत सोडलेला असतो, म्हणून फटी पुष्कळ आणि खोल. पण कंगवा केसांनाच लागतो. ज्या सुरात उपस्वर थोडे, त्यात फ्लँजरला विंचरायला काही नसते; भरघोस, खरखरीत आवाजावर तो खुलतो. कोरसमध्ये विलंब सहसा त्याहून अधिक असतो. तेथे आपल्याला कंगव्यापेक्षा दोन वादक किंचित वेगळ्या सुरात वाजवत असल्याचा भास होतो. दुहेरी सुरांच्या पेटीत दोन सूर केसभर फरकाने लावले की जे विस्पंद ऐकू येतात, त्यांचाच हा भाऊ. फक्त येथे तो फरक सतत बदलता असतो.

हे सारे सांगून आम्ही त्या मुलाबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराला विनंती केली की नावे झाकून एकेक डबी जोडा. मुलगा बहुधा साध्या आवाजात कॉर्ड वाजवून गाण्यांना साथ करतो. आम्ही मनाशी फेझर ठरवला होता. त्याने डोळे मिटून तिसरी डबी निवडली. चिठ्ठी काढली तर कोरस. "काका, यात मी एकटा वाजवतोय असं वाटत नाही," तो म्हणाला. लेस्लीला घरच्या खोलीत खटकले होते ते हेच. आमचा अंदाज चुकला, पण पैसे योग्य ठिकाणी गेले.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर करून पाहावे. विमान डोक्यावरून जात असताना मुलांना मोकळ्या मैदानात उभे करावे आणि सावकाश खाली बसायला सांगावे. विमानाचा थेट आवाज आणि जमिनीवरून परतलेला आवाज यांतला विलंब कान खाली येईल तसा कमी होतो आणि घोंगावण्यातला सूर चढत जातो. हायगेन्सला ऐकू आलेला सूर हाच. फरक एवढाच की येथे कंगवा मुले स्वतः सरकवत असतात.