कळीचा चुना अंगावर किंवा डोळ्यात उडाला तर

आखाजीच्या किंवा दिवाळीच्या आधी घराला चुना मारायचा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर मोसंबी-लिंबाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायची असते. त्यासाठी आपल्या जळगाव-धुळ्याच्या गावांत अजूनही कळीचा चुना घरीच विरवतात. पिंपात कळी टाकून पाणी ओतले की खाली जाळ नसताना पाणी खदखदू लागते. याच वेळी जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात शिंतोडे उडतात.

ही उष्णता येते कुठून? चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. तेव्हा ती उष्णता शोषून घेते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. शाळेत शिकलेली उष्माग्राही अभिक्रिया ती हीच. कळीवर पाणी पडले की उलट, उष्मादायी अभिक्रिया होते. भट्टीत घेतलेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा काही मिनिटांत बाहेर पडतो. उरलेली उष्णता भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होताना सावकाश निघते, म्हणून ती कुणाला जाणवत नाही. एक किलो शुद्ध कळीतून निघणारी उष्णता तीन लिटर पाणी उकळीला आणायला पुरते.

पण भाजणे हा अर्धाच धोका आहे. विरलेला चुना तीव्र अल्कली असतो आणि थंड झाल्यावरही तसाच राहतो. आम्लाने त्वचेतील प्रथिने गोठतात, त्यामुळे पुष्कळदा आम्ल वरच अडते. अल्कली मात्र पेशींमधल्या चरबीचा साबण करते आणि आत शिरत जाते. त्यामुळे तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब गार असली तरी निरुपद्रवी नाही. लहान मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना सरळ बुबुळावर जातो. बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी मेल्या तर डोळ्यावर कायमचा पांढरा पडदा येऊ शकतो.

डोळ्यात चुना गेल्यास पहिली पाच मिनिटे दवाखाना शोधण्यात घालवू नका. माठातले, नळाचे, बाटलीतले, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते पापण्या उघडून धरून ओता. मूल रडेल, डोळा घट्ट मिटेल, दोघांनी धरावे लागेल. निदान अर्धा तास धुवायचे आहे. गाडी मिळाली तर वाटेतही धूत राहा. चुन्याचा खडा वरच्या पापणीखाली अडकून बसतो आणि तिथून तासन्‌तास अल्कली सोडत राहतो. त्यामुळे डोळा बरा वाटला तरी पापणी उलटवून पाहणारा नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी गाठावा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. १०८ला फोन करता येतो.

त्वचेवर कोरडी कळी पडली असेल तर क्रम थोडा वेगळा. आधी कपडे काढा, भुकटी कोरड्या फडक्याने झटका, मग भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. ओलसर अंगावर कळी तशीच ठेवून वर पेलाभर पाणी टाकले तर तिथेच चुना विरवल्यासारखे होते. डोळ्याच्या बाबतीत मात्र झटकत बसू नका, थेट पाणीच.

लिंबू किंवा व्हिनेगर लावून चुना ‘मारण्याचा’ सल्ला हमखास मिळतो. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की तीही उष्मादायी अभिक्रियाच, म्हणजे भाजलेल्यावर आणखी उष्णता. तूप, मध, आईचे दूध, साखरपाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. त्यात धुण्याचा वेळ जातो, आणि या दुखापतीत तोच सगळ्यात महाग असतो.

गवंडीकाम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ओल्या सिमेंटमध्येही हाच अल्कली असतो आणि त्याची जखम सुरुवातीला दुखत नाही. दिवसभर ओल्या काँक्रीटमध्ये उभे राहून संध्याकाळी गुडघे-पावले काळवंडलेली दिसली, तर ती मळाची नव्हे, भाजल्याची खूण असू शकते.

चुना विरवताना धातूचे पिंप घ्या. पाण्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीच्या ढिगावर पाणी ओतू नका. चष्मा लावा, लांब दांड्याने ढवळा आणि मुलांना अंगणाबाहेर ठेवा. थंड झाल्याशिवाय पिंपावर वाकून पाहू नका.