कंसातले नाव : सावलीत राहणाऱ्या एका गोगलगायीचा इतिहास

१/
प्लेक्टोस्टोमा सियाफिलम (फान बेन्थेम युटिंग, १९५२).
प्राणिशास्त्राच्या सूचीतील ही एक ओळ. ती ज्या जीवाची आहे, तो मोहरीच्या दाण्याएवढा होता. या ओळीतील प्रत्येक शब्दामागे इतिहास आहे, नावाभोवतीच्या कंसामागेही. नीलगिरी, मुंबईचा परिसर, बोर्निओ, सिंगापूर आणि मलेशियातील एका टेकडीपर्यंत पोहोचणाऱ्या या इतिहासाचा हा मागोवा.

२/
आरंभ भारतातच होतो. विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे इंग्रज बंधू १८५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सेवेत रुजू झाले. खडकांचे थर तपासणे हे त्यांचे शासकीय काम; मात्र त्याच भटकंतीत पालापाचोळा आणि दगडांच्या भेगा धुंडाळून शंख गोळा करण्याचा छंदही त्यांनी जोपासला. पुढे हेन्री भारताच्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख झाले, तर विल्यम यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील प्रसिद्ध ग्रंथमालेचे संपादन केले.

३/
१८६० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या बंधूंनी नीलगिरीतील एका विलक्षण गोगलगायीचे वर्णन प्रसिद्ध केले. सर्वसाधारण शंखाचे वेढे एकाच अक्षाभोवती क्रमाने फिरत जातात. हा शंख मात्र शेवटच्या वेढ्यात वाट सोडतो आणि मागे वळतो. त्यामुळे त्याचे तोंड भलत्याच दिशेला उघडते. म्हणून नवा वंश स्थापन झाला : ओपिस्थोस्टोमा. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘मागे तोंड असलेला’. प्रजातीचे नाव डोंगरावरून पडले : निल्गिरिकम.

४/
या दोन शब्दांमागची व्यवस्था लक्षात घेणे आवश्यक आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ च्या आवृत्तीत प्राण्यांसाठी द्विनाम पद्धती रूढ केली. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे घराण्याचा. दुसरा प्रजातीचा, म्हणजे त्या घराण्यातील व्यक्तीचा. त्यानंतर नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष येते. लिनियसनंतरच्या शतकात नावांचा इतका गोंधळ माजला, की १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये ह्यू स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने नामकरणाचे नियम लेखी स्वरूपात मांडावे लागले.

५/
आता महाराष्ट्राकडे वळू. अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युअल फेअरबँक हे पाद्री कार्यरत होते. धर्मप्रसाराबरोबरच पक्षी आणि शंख यांचाही त्यांना नाद होता. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव या सह्याद्रीच्या परिसरात जमवलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. पळणी डोंगरातील एका गाणाऱ्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ हा शब्द आहे.

६/
तोच सन्मान त्यांना एका गोगलगायीनेही दिला. १८६६ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात मुंबईजवळच्या प्रदेशातील नव्या प्रजातीचे वर्णन केले : ओपिस्थोस्टोमा फेअरबँकी. या निबंधाचे महत्त्व केवळ नव्या नावापुरते नाही. शंखाच्या आतील प्राण्याचा विचार करून या वंशाचे वर्गीकरणातील स्थान कोणते, हा प्रश्न त्यात चर्चिला गेला.

७/
हा प्रश्न बिकट का होता? पावसाळ्यात अंगणात दिसणाऱ्या गोगलगायीचे डोळे लांब शिंगांच्या टोकावर असतात आणि एकाच प्राण्यात नर व मादी दोन्ही असतात. मात्र जमिनीवरील काही गोगलगायी वेगळ्या मुळातून आल्या आहेत. त्यांचे डोळे शिंगांच्या बुडाशी असतात, नर-मादी निराळे असतात आणि अंग आत ओढून घेतल्यावर शंखाचे दार लावायला एक झाकण असते. रिकामा शंख ही साक्ष पुरी देत नाही. ओपिस्थोस्टोमा या झाकणवाल्या कुळातील.

८/
याच सुमारास, १८६५ मध्ये, हेन्री अॅडम्स यांनी बोर्निओच्या परिसरातील अशाच वाकड्या वळणाच्या गोगलगायीसाठी दुसरा वंश स्थापन केला : प्लेक्टोस्टोमा. पुढील जवळपास दीड शतक एकच वाद चालू राहिला. ही दोन घराणी आहेत, की एकाच घराण्याच्या दोन शाखा? दोघांचेही वेढे रीत सोडून फिरतात. एवढ्या साम्यावर अनेकांनी प्लेक्टोस्टोमाला ओपिस्थोस्टोमाचा उपवंश मानले.

९/
१९५२. ॲमस्टरडॅमच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात मृदुकाय प्राण्यांचा विभाग सांभाळणाऱ्या वाउतेरा फान बेन्थेम युटिंग यांचा निबंध सिंगापूरच्या रॅफल्स संग्रहालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. विषय : मलायातील ओपिस्थोस्टोमा. तोवर जगभर वर्णन झालेल्या या वंशातील सर्व प्रजातींची सूचीही त्यांनी जोडली. मलाया तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. डच विदुषी, इंग्रजी अंमलातील संग्रहालय आणि मलय टेकड्यांतील शंख असा हा त्रिवेणी योग.

१०/
त्याच निबंधात एका प्रजातीला नाव मिळाले : ओपिस्थोस्टोमा सियाफिलम. ‘स्किआ’ म्हणजे सावली, ‘फिलोस’ म्हणजे प्रेम करणारा. सावलीत रमणारी, ती सियाफिलम. तिचे वसतिस्थान एकच नोंदले गेले : पहांग प्रांतात, क्वांतान शहराच्या बाजूला असलेली बुकित पांचिंग ही चुनखडीची टेकडी. मलय भाषेत ‘बुकित’ म्हणजे टेकडीच.

११/
एक अख्खी प्रजाती एकाच टेकडीवर कशी काय राहते? चुनखडीच्या या टेकड्या सपाट मुलखात एकट्या उभ्या असतात. शंख घडवायला लागणारे कॅल्शियम तेथे विपुल. ओलसर कातळावर वाढणारा शेवाळाचा पापुद्रा हे खाद्य. दोन टेकड्यांमधली माती मात्र या इवल्या जीवाला समुद्रासारखीच दुस्तर. प्रत्येक टेकडी एक बेट ठरते आणि हजारो पिढ्यांनंतर प्रत्येक बेटावर निराळे रूप आकाराला येते. नीलगिरी किंवा सह्याद्री हे चुनखडीचे डोंगर नव्हेत. तेथील नातलगांवर हे बंधन नाही. मलायातील शाखा मात्र चुनखडीशी बांधली गेली.

१२/
तिथे ही रूपे कोणत्या थराला जातात, याचा दाखला २००८ मध्ये मिळाला. रूबेन क्लेमेंट्स, याप फर्म्युलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलेशियातील गुनुंग रापात येथून ओपिस्थोस्टोमा व्हर्मिक्युलम या प्रजातीचे वर्णन केले. तिचा शंख चार वेगवेगळ्या अक्षांभोवती वळतो. इतके अक्ष असणारा दुसरा शंख तोवर ठाऊक नव्हता. ‘व्हर्मिक्युलम’ म्हणजे छोटा किडा, आणि शंख दिसतोही तसाच.

१३/
असा जीव शोधतात तरी कसा? पद्धत अगदी घरगुती आहे. कड्याच्या पायथ्याची माती आणि पाचोळा बादलीभर पाण्यात ढवळायचा. माती तळाशी बसते, हवा भरलेले रिकामे शंख वर तरंगतात. ते चाळणीने गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे. एकेका बादलीतून एकेका टेकडीची जनगणना होते. टेकडी शाबूत असणे, एवढीच या पद्धतीची अट.

१४/
बुकित पांचिंग शाबूत राहिली नाही. चुनखडीसाठी ती खणली गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे टेकडी उरली नव्हती. २००८ मध्ये मेन्नो स्खिल्थाउझेन आणि रूबेन क्लेमेंट्स यांनी उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांच्या आधारे हा लोप मांडला. मोहरीएवढ्या प्राण्याच्या अंताचा पुरावा अवकाशातून मिळाला, कारण त्याचे संपूर्ण जग नकाशावरून पुसले गेले होते. सावलीच्या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रजातीची सावली देणारी टेकडीच गेली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती आज ‘नामशेष’ या वर्गात आहे.

१५/
आता त्या कंसाकडे येऊ. २०१४ मध्ये लिऊ थोर-सेंग आणि सहकाऱ्यांनी बोर्निओबाहेरील प्लेक्टोस्टोमाचा नव्याने आढावा घेतला. २१४ नमुने, १५५ त्रिमितीय प्रतिकृती आणि १९ प्रजातींचे जनुकीय क्रम तपासून त्यांनी ३१ प्रजाती मान्य केल्या. त्यांपैकी १० नव्या होत्या. प्लेक्टोस्टोमा हा स्वतंत्र वंश ठरला. सियाफिलम आता ओपिस्थोस्टोमाची राहिली नाही. ती प्लेक्टोस्टोमात गेली.

१६/
नामकरणाचा नियम असा की, प्रजाती मूळ वंशातून दुसऱ्या वंशात गेली, तर पहिल्या नामकर्त्याचे नाव आणि वर्ष कंसात लिहायचे. कंस म्हणजे स्थलांतराची नोंद. फान बेन्थेम युटिंग यांनी १९५२ मध्ये दिलेला ‘सियाफिलम’ हा शब्द अबाधित राहिला. त्याच्या अलीकडचे घराणे तेवढे बदलले. फेअरबँकीच्या मागे येणाऱ्या ‘ब्लॅनफर्ड, १८६६’ या शब्दांना कंस नाही, कारण ती प्रजाती जिथे जन्मली त्याच वंशात आहे.

१७/
प्लेक्टोस्टोमा सियाफिलमचे हे स्थलांतर तिच्या मृत्यूनंतर झाले. नव्याने गोळा करण्याजोगा एकही जिवंत नमुना उरला नसताना तिच्या नातेसंबंधांचा निवाडा जुन्या संग्रहातील शंखांवर विसंबून करावा लागला. १९५२ चे वर्णन नसते, तर २००८ च्या छायाचित्रात केवळ एक खाण दिसली असती. नावाने तिला वाचवले नाही. मात्र जे गेले ते काय होते, हे सांगता आले ते नावामुळेच.

१८/
हे ओळखून काही अभ्यासकांनी नावाचाच उपयोग करून घेतला. २०१४ मध्येच फर्म्युलेन आणि मोहम्मद एफेन्दी मार्झुकी यांनी पेराक प्रांतातील गुनुंग कांथान येथील नव्या गोगलगायीला कॅरोपा लाफार्जी असे नाव दिले. त्या टेकडीतून चुनखडी काढणाऱ्या सिमेंट कंपनीवरून हे नाव ठेवले गेले. या वेळी नाव टेकडी असतानाच दिले गेले, आणि ते ज्यांच्या हाती तिचे भवितव्य होते त्यांचेच होते.

१९/
लिनियसपासून आजवर बहुतेक नावे शोध लागल्यावर दिली गेली आणि लोप नंतर, पुष्कळदा कोणाच्या नकळत, होत राहिला. आग्नेय आशियातील अनेक चुनखडी टेकड्यांची माती अजून कोणत्याही बादलीत पडलेली नाही. तिथे काय राहते हे कोणत्याच सूचीत नाही. म्हणून तिथून काय गेले, तेही कोणत्या सूचीत येणार नाही.

२०/
संग्रहालयाच्या खणात काचेच्या नळीतले शंख आजही आहेत. शंखावरील नाजूक कण्या भिंगाखाली स्पष्ट दिसतात. घराण्याचे नाव २०१४ मध्ये बदलले, पुढेही बदलू शकेल. ठिकाणाचे नाव मात्र बदलणार नाही. नकाशावर नसलेली बुकित पांचिंग तिथे, त्या चिठ्ठीवर, अजून एक टेकडी आहे.